साखळीचं घड्याळ गाडीत पक्कं कसं बसवायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचे आजोबा भुसावळला रेल्वेत गार्ड होते. त्यांचं चावीचं खिशातलं घड्याळ माझ्याकडे आलं, आणि घरात जुनी जीप आधीपासून होतीच, त्यामुळे ते घड्याळ जीपच्या डॅशबोर्डवर टिकटिकताना बघायचं हे फार दिवस मनात होतं. ते जमेपर्यंत तीन माउंट बदलले, एकदा घड्याळात चुंबकत्व शिरलं, एकदा ते खाली पडून बॅलन्स स्टाफ, म्हणजे आतल्या मागेपुढे फिरणाऱ्या बॅलन्स चाकाची बारीक दांडी, मोडली. चौथं माउंट मात्र चार वर्षं झाली टिकून आहे, ताम्हिणी झाला, वरंधा झाला, कोकणातला पावसाळ्यानंतरचा रस्ता पण झाला. जीप बघितली की लोक तेच ते प्रश्न विचारतात म्हणून सगळं एकदा नीट लिहून ठेवतोय.

प्रश्न : मुळात हे करावं का? जुनं घड्याळ गाडीत बसवलं तर खराब नाही का होणार?

निष्काळजीपणे बसवलं तर होणारच. पण हे लक्षात घ्या की यातली कितीतरी घड्याळं चालत्या गाडीत वापरायलाच बनलेली होती. अमेरिकेत एप्रिल १८९१ मध्ये ओहायोतल्या किप्टनला दोन गाड्या समोरासमोर धडकल्या, एका ड्रायव्हरचं घड्याळ चार मिनिटं बंद पडून परत चालू झालं होतं असं त्या अपघाताबद्दल सांगतात, आणि त्यानंतर वेब बॉल नावाच्या माणसाकडे तिथल्या रेल्वेच्या घड्याळांची तपासणी आली. पुढे जो नियम बसला त्यात आठवड्याला ३० सेकंदांपेक्षा जास्त फरक चालत नव्हता, आतल्या चाकांची टोकं ज्यांत फिरतात ते खडे कमीत कमी १७ लागायचे, आणि घड्याळ पाच वेगवेगळ्या स्थितींत ठेवून त्याची चाल जुळवलेली असावी लागायची. पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांच्या रॉयल फ्लाइंग कोअरच्या विमानांत तर खिशातल्या घड्याळाच्याच धाटणीचं घड्याळ कॉकपिटमध्ये होल्डरमध्ये बसवलेलं असायचं. आणि मला सगळ्यात आवडणारं उदाहरण जपानचं आहे, तिथे १९२९ मध्ये सेइकोशाचं १९ टाइपचं खिशातलं घड्याळ रेल्वेने अधिकृत म्हणून घेतलं, आणि तिथले ट्रेनचे ड्रायव्हर समोरच्या पॅनेलवर घड्याळासाठी केलेल्या गोल खळग्यात आपलं घड्याळ ठेवतात, ड्युटी संपली की उचलून घेऊन जातात. ना स्क्रू, ना टेप, नुसता बरोबर मापाचा खळगा. मी शेवटी जे केलं ते ह्याच वाटेने केलं, लाकडी ठोकळ्यात घड्याळाच्या मापाचा खळगा.

फरक एकच आहे. आजोबांचं घड्याळ इंजिनाच्या मागे चाळीस-पन्नास डबे सोडून ब्रेकव्हॅनमध्ये हादरे खात जायचं, पण ते कोटाच्या खिशात असायचं. खिसा काय करतो बघा : घड्याळाला खालून पूर्ण आधार देतो, चहूबाजूंनी मऊ कापड असतं, अंगाची ऊब असल्यामुळे तापमान फार वरखाली होत नाही, साखळी असल्याने निसटलं तरी जमिनीवर जात नाही, आणि माणूस उतरला की घड्याळ त्याच्याबरोबर उतरतं. तुमचं माउंट ह्या पाच गोष्टी करत असेल तर बिनधास्त बसवा. यातली एक जरी राहिली तर आज ना उद्या घड्याळजीकडे जावं लागतं, मी तीनदा गेलोय.

प्रश्न : मोबाईलचं चुंबकवालं होल्डर आहे, त्याला पाठीमागे पत्र्याची चकती चिकटवून घड्याळ लावलं तर?

नका करू. हे सगळ्यात सोपं दिसतं म्हणून सगळे आधी हेच करतात, मी पण केलं, दुकानदाराने सांगितलं काही होत नाही आणि मी ऐकलं. त्या होल्डरमध्ये निओडिमियमचं चुंबक असतं, फार ताकदवान. जुन्या घड्याळातली हेअरस्प्रिंग, म्हणजे बॅलन्स चाकाला मागेपुढे फिरवणारी केसासारखी बारीक गुंडाळलेली स्प्रिंग, पोलादाची असते, तिचे वेढे चुंबकत्वाने एकमेकांना चिकटायला लागतात, म्हणजे स्प्रिंग आखूड झाल्यासारखी होते आणि घड्याळ पुढे धावतं. माझं दिवसाला वीस-बावीस मिनिटं पुढे जायला लागलं होतं. मला वाटलं आतलं काहीतरी तुटलं. घड्याळजींनी त्याच्याजवळ साधं होकायंत्र धरलं, सुई वळली, मग डीमॅग्नेटाइझर नावाच्या छोट्या यंत्रावरून फिरवून पाच मिनिटांत ठीक करून दिलं. नशीब चांगलं होतं.

एक गोष्ट लोक विसरतात, स्पीकर. स्पीकरमध्ये चुंबक असतंच, आणि बऱ्याच गाड्यांत डॅशबोर्डच्या वरच्या कोपऱ्यात किंवा दाराच्या पुढच्या भागात छोटा स्पीकर लपलेला असतो. जागा ठरवायच्या आधी तिथे होकायंत्र ठेवून बघा, मोबाईलमधलं पण चालतं. सुई भलतीकडे वळली तर ती जागा सोडा. वायरलेस चार्जिंगच्या पॅडवर तर घड्याळ कधीच ठेवू नका.

प्रश्न : हुकला कडीने लटकवलं तर छान दिसतं, पडणार कसं?

कडीच निघते. कडी म्हणजे वरची रिंग, तिची दोन टोकं मानेच्या, म्हणजे चावीच्या गुंडीखालच्या नळीसारख्या भागाच्या, दोन खळग्यांत नुसती दाबून बसवलेली असतात, आणि पन्नास-साठ वर्षं साखळी घासून ते खळगे मोठे झालेले असतात. खिशातून ओढताना हे जाणवत नाही. गाडीत लटकवलं की प्रत्येक खड्ड्याला घड्याळाचं पूर्ण वजन त्या दोन टोकांवर येतं. कशेडी घाटात माझी कडी एका बाजूने सुटली, घड्याळ आधी गिअरच्या दांड्यावर आणि मग जीपच्या पत्र्यावर पडलं, काच तशीच होती पण टिकटिक बंद. बॅलन्स स्टाफची टोकं जेमतेम ०.१ मिलिमीटर जाडीची असतात. इन्काब्लॉकसारखी झटका झेलणारी सोय १९३० च्या दशकात आली आणि ती सगळ्यांत यायला अजून बरीच वर्षं गेली, त्यामुळे आजोबांच्या वेळच्या घड्याळात ती नाहीच असं धरून चाला.

आणि पडलं नाही तरी लटकलेलं घड्याळ वेळ बरोबर देत नाही. आत बॅलन्स व्हील एका दिशेला फिरतं तेव्हा मोकळी लटकलेली केस, म्हणजे घड्याळाचं बाहेरचं धातूचं कवच, उलट्या दिशेला किंचित हलते, आणि ते हलणं परत बॅलन्सवर येतं. घरी खिळ्याला लटकवून शांतपणे बघा, अख्खं घड्याळ बारीक थरथरताना दिसेल. म्हणून घड्याळाची पाठ कशाला तरी टेकलेली हवी.

प्रश्न : मग कुठे बसवायचं?

गाडीवर आहे. पण आधी कुठे नाही ते सांगतो कारण इथे जिवाचा प्रश्न आहे.

एअरबॅगच्या वाटेत काहीही नको. स्टिअरिंगवर नको, डाव्या बाजूच्या डॅशबोर्डवर जिथे एअरबॅग असं कोरलेलं असतं तिथे नको, काचेच्या बाजूच्या खांबांवर नको कारण बऱ्याच गाड्यांत पडद्यासारखी एअरबॅग तिथून उघडते. एअरबॅग साधारण ३० मिलिसेकंदांत फुगते आणि तिच्यावर जे चिकटवलेलं असेल ते समोर बसलेल्याच्या तोंडावर येतं. आपल्याकडे २०१९ पासून ड्रायव्हरच्या बाजूची एअरबॅग सक्तीची आहे, नंतर शेजारच्या सीटची पण झाली, म्हणजे नवीन गाडी असेल तर हे तुम्हाला लागू आहेच.

जीपला एअरबॅग नाही म्हणून निश्चिंत होऊ नका. शंभर ग्रॅमचं घड्याळ ताशी ५० च्या स्पीडला असताना गाडी अचानक थांबली, तर त्यात तेवढा जोर असतो जेवढा तिसऱ्या मजल्यावरून टाकलेल्या घड्याळात असतो. डोक्याच्या उंचीला, काचेजवळ, बसलेल्याच्या बरोबर समोर असं कुठेच नको.

काचेखालचा डॅशबोर्डचा वरचा सपाट भाग पण नको, तिथे ऊन थेट येतं. एसीच्या जाळीवर नको, थंड हवेने केस गार होते आणि दार उघडलं की दमट हवा आत जाऊन काचेखाली बाष्प धरतं.

राहिलं काय? जीप, पद्मिनी, अँबॅसेडर अशा गाड्यांत मीटर पॅनेलच्या शेजारचा उभा भाग, गुडघ्याच्या वर आणि छातीच्या खाली, स्टिअरिंगच्या चाकाच्या सावलीत. आजच्या गाड्यांत माझ्या मते सगळ्यात चांगली जागा कप होल्डरची आहे, हे ऐकायला साधं वाटतं पण विचार करा : खाली आहे, उन्हात नाही, एअरबॅगपासून लांब, हाताशी, आणि कुठे भोक पाडायला नको. लेथवाल्याकडून त्या मापाचा किंचित निमुळता लाकडी ठोकळा करून घ्यायचा, वरचं तोंड तिरकं कापायचं म्हणजे घड्याळ ड्रायव्हरकडे बघत टेकून बसतं. माझ्या मेहुण्याच्या गाडीत असंच केलंय आणि ते माझ्यापेक्षा बरं झालंय.

प्रश्न : ठोकळा नक्की कसा करायचा? मापं सांगा.

आधी तुमचं घड्याळ मोजा, अंदाजाने करू नका, व्हर्निअर कॅलिपर कुठल्याही वर्कशॉपमध्ये असतो. अमेरिकन घड्याळांत १६ साइज म्हणजे आतलं यंत्र ४३.१८ मिलिमीटर, १८ साइज म्हणजे ४४.८६, स्विस घड्याळं लिन्य नावाच्या जुन्या मापात मोजतात, १९ लिन्य म्हणजे साधारण ४२.९ मिलिमीटर. पण हे सगळं यंत्राचं माप, केस त्याच्यापेक्षा बरीच मोठी असते, पन्नास मिलिमीटरच्या पुढेमागे, आणि आपल्याला केस मोजायची आहे. व्यास मोजा, जाडी मोजा, आणि मान किती लांब आहे ते मोजा.

लाकूड सागाचं घ्या. मऊ पॅकिंगचं लाकूड पावसाळ्यात फुगतं आणि घड्याळ अडकून बसतं. मी जुन्या खिडकीच्या चौकटीचा तुकडा वापरला, साधारण ८० बाय ८० आणि जाडी २५ मिलिमीटर. त्यात लेथवर गोल खळगा काढायचा, व्यास घड्याळापेक्षा ४ मिलिमीटर जास्त, म्हणजे आतून २ मिलिमीटरचं अस्तर लावून घड्याळ सैलही नाही आणि दाबलंही नाही असं बसेल. खोली घड्याळाच्या जाडीच्या दोन-तृतीयांश. पूर्ण बुडवू नका, बाहेर काढताना बोटांना पकडायला कडा लागते. वरच्या बाजूला मानेसाठी आणि चावीच्या गुंडीसाठी मोकळी खाच, आणि ही खाच मोकळीच हवी, कारण घड्याळाचं वजन मानेवर किंवा गुंडीवर आलं तर आतली दांडी वाकते. वजन खालच्या अर्ध्या गोलावर यायला पाहिजे, बाळ पाळण्यात असतं तसं.

अस्तराचं जरा सविस्तर सांगतो कारण इथे मी चुकलो होतो. पहिल्यांदा रबर लावलं, सायकलच्या ट्यूबचं. पकड मस्त, पण तीन महिन्यांत चांदीची केस पाठीमागून काळी पडली, कारण ट्यूबच्या रबरात गंधक असतं आणि गंधक चांदीला काळं करतं. मग फोम लावला, तो उन्हाने भुगा होऊन घड्याळाच्या सांध्यात शिरला. आता तळाला कॉर्कची शीट आहे, गाडीच्या स्पेअर पार्टच्या दुकानात गॅस्केटसाठी मिळते तीच, आणि त्याच्यावर मऊ सुती मखमल. कॉर्क बारीक थरथर खातं, मखमल केसला ओरखडा पडू देत नाही. चिकटवायला फेव्हिकॉल, पण पूर्ण वाळून वास जाईपर्यंत आठवडाभर घड्याळ आत ठेवू नका.

आता पुढून धरायचं कसं. मी पितळी रिंग केली, तांब्या-पितळेच्या भांड्यांचं काम करणाऱ्या तांबटाकडून, आतला व्यास एवढा की रिंग फक्त काचेभोवतीच्या धातूच्या कडेवर टेकते, काचेला शिवत पण नाही. एका बाजूला छोटी बिजागरी, दुसऱ्या बाजूला हाताने फिरवायचा स्क्रू. रिंगच्या खालच्या बाजूला पण मखमलीची पट्टी. पितळ नको असेल तर चामड्याची गोल खिडकीवाली पट्टी आणि टिचबटण, बॅगा शिवणारे कारागीर करून देतात आणि ते दिसतं पण छान, फक्त टिचबटण दर वर्षी बदला, ते सैल होतं ते कळत नाही.

शेवटी साखळी. साखळीच्या टोकाला जी आडवी दांडी असते ती कोटाच्या काजात अडकवायला असायची. ठोकळ्यात एक आरपार भोक ठेवा आणि ती दांडी त्यात अडकवा. रिंग चुकून उघडी राहिली तरी घड्याळ चार बोटं खाली येऊन थांबेल. माझं एकदा थांबलंय, वाईच्या पुढे.

प्रश्न : ठोकळा गाडीला कसा जोडायचा? जुन्या गाडीला भोक पाडायचं मन होत नाही.

पाडूच नका. जुन्या गाडीत आधीपासून असलेले स्क्रू शोधा, मीटर पॅनेलचे, हात धरायच्या दांड्याचे, खालच्या पट्टीचे. एल आकाराची पट्टी वाकवून त्याच स्क्रूखाली घ्यायची, स्क्रू थोडा लांब घालायचा आणि खाली स्प्रिंग वॉशर. ५० वर्षांच्या वर गाडी असेल आणि २०२१ च्या नियमाखाली विंटेज म्हणून नोंदवायची असेल तर गाडी मूळ रूपातच असायला लागते, तेव्हा कुठेही कापाकापी न करता निघणारं माउंट हेच बरं. माझी पट्टी दोन स्क्रू काढले की निघते, मागे खूण पण राहत नाही.

लोखंडी पत्रा आणि पट्टी यांच्यामध्ये पण कॉर्कचा तुकडा घाला. इंजिन आयडलला असताना जीपचा पत्रा गुणगुणतो, तो पत्रा नुसत्या बोटाने दाबून बघा, जिथे दाबल्यावर गुणगुण बंद होते तिथे पट्टी लावा.

प्रश्न : डबल टेप किंवा व्हेल्क्रो?

ठोकळा आणि प्लॅस्टिक डॅशबोर्ड यांच्यामध्ये चांगल्या प्रतीची फोमची डबल टेप चालते, दोन्ही बाजू स्पिरिटने पुसून, दाबून, एक दिवस तसंच ठेवून. उन्हाळ्यात दर महिन्याला हाताने ओढून बघा.

घड्याळाच्या केसला मात्र टेप कधीच नाही. गोंद काढायला जे थिनर लागतं ते सांध्यातून आत जातं, आणि मागच्या बाजूला कोणाचं नाव, तारीख कोरलेली असेल तर खरवडण्यात तेच जातं. केसला कान डाग देऊन लावून घेणं पण तसंच. परत येत नाही.

प्रश्न : उन्हाचं काय? जळगाव-नागपूरकडे तर गाडीची भट्टी होते.

बंद गाडी एप्रिल-मे मध्ये उन्हात उभी असेल तर डॅशबोर्डचा वरचा भाग ७० अंशांच्या वर जातो, हात लावला तर चटका बसतो. अशा वेळी घड्याळ आत असायलाच नको, ह्याला दुसरा उपाय नाही.

कारण सांगतो, माहीत असलं की विसरायला होत नाही. एक, आतलं तेल पातळ होऊन जिथे हवं तिथून वाहून जातं. दोन, काच प्लॅस्टिकची असेल तर पिवळी पडते आणि आक्रसून निघते. तीन, आणि हे मला घड्याळजींनी सांगितलं तेव्हा फार नवल वाटलं, आतले पॅलेटचे, म्हणजे टिकटिक करत चाक एकेक दाता सोडणाऱ्या भागाचे, खडे आणि बॅलन्सवरचा एक छोटा खडा हे लाखेने चिकटवलेले असतात. लाख म्हणजे तीच, बांगड्यांची, पार्सलवर मोहर करायची. आपल्या जंगलातल्या झाडावरच्या किड्यापासून निघणारी ती लाख स्वित्झर्लंडच्या घड्याळात खडे धरून ठेवते, आणि ती ७५-८० अंशांच्या आसपास मऊ पडते. खडा केसाएवढा सरकला तरी घड्याळ अडखळतं.

वेळेवर पण परिणाम होतो. साधी पोलादी हेअरस्प्रिंग आणि पितळी बॅलन्स असेल तर दर अंशाला दिवसाला साधारण ११ सेकंदांनी मागे पडतं, म्हणजे चार तास ३० अंश जास्त तापलं तर जवळजवळ एक मिनिट. चांगल्या घड्याळात दोन धातूंचं, कडेला कापलेलं बॅलन्स हे भरून काढतं. नंतर गियोम या शास्त्रज्ञाने उष्णतेने फारसे न बदलणारे निकेलचे मिश्रधातू शोधले, त्याला १९२० चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, आणि त्यातूनच पुढे चांगल्या हेअरस्प्रिंग आल्या. तुमच्या घड्याळात काय आहे ते घड्याळजींना उघडून बघायला सांगा, तुम्ही स्वतः उघडू नका.

प्रश्न : पावसाळ्यात आणि कोकणात?

उघडी जीप असेल तर जून ते सप्टेंबर घड्याळ घरीच. ह्या घड्याळांना पाण्यापासून काहीही संरक्षण नसतं, गुंडीच्या बाजूने दमट हवा सरळ आत जाते, आणि समुद्राकाठी हवेत मीठ असतं. पोलादी चावीच्या चाकांवर तांबूस ठिपके दिसले की उशीर झालेला असतो. बंद गाडी असेल तर चालेल, पण काचेच्या आतून धुकं दिसलं तर त्याच दिवशी घड्याळजी, तांदळाच्या डब्यात ठेवून वाट बघत बसू नका, पिठाची धूळ आत जाते.

प्रश्न : माझं घड्याळ झाकणवालं आहे, गुंडी ३ च्या बाजूला आहे. १२ वर येत नाहीत.

बरोबर, झाकणवाल्या घड्याळात गुंडी ३ जवळ असते आणि उघड्या तबकडीच्या घड्याळात १२ जवळ. ठोकळ्यातली खाच वर न ठेवता उजव्या बाजूला काढा, म्हणजे १२ वर येतील. पण मग घड्याळ ज्या स्थितीत लावलेलं असतं त्यापेक्षा वेगळ्या स्थितीत राहतं आणि चालीत थोडा फरक पडतो, घड्याळजींना सांगून त्या स्थितीत लावून घ्या. झाकण उघडं ठेवून गाडी चालवू नका, त्याची बिजागरी खड्ड्यांनी जाते. मला विचाराल तर झाकणवालं घड्याळ गाडीत नकोच.

प्रश्न : बुलेटवर हँडलला लावता येईल का?

चावीचं जुनं घड्याळ, नाही. एका सिलेंडरचं इंजिन, हँडल थेट त्याच्या चौकटीला, वर ऊन-पाऊस-धूळ. स्क्रू सैल होतात, सेकंद काटा निघून तबकडीवर फिरायला लागतो. बाइकवर सेलवालं स्वस्तातलं साखळीचं घड्याळ लावा आणि आजोबांचं जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवा.

प्रश्न : गाडीत वेळ चुकतेच असं म्हणतात. किती फरक चालतो?

आधी घरी मोजा. सकाळी ठरलेल्या वेळी पूर्ण चावी द्या, मोबाईलशी लावा, २४ तास आडवं ठेवून फरक लिहा, मग २४ तास गुंडी वर करून उभं ठेवून लिहा. नंतर गाडीत आठवडाभर. घरी उभं असताना जो फरक येतो त्यापेक्षा गाडीत दिवसाला मिनिटभर जास्त असेल तर मी काळजी करत नाही. अचानक खूप पुढे जायला लागलं तर चुंबक, आणि हळूहळू मागे पडत मधेच थांबलं तर तेल वाळलंय. बहुतेक जुनी घड्याळं तासाला १८,००० ठोके देतात, सेकंदाला पाच, कानाला लावून ऐकायची सवय ठेवा, ठोका लंगडा झाला की कान आधी सांगतो.

गाडीत वापरत असाल तर तीन वर्षांनी एकदा सफाई आणि तेल करून घ्याच, घरात ठेवलेल्या घड्याळापेक्षा लवकर.

आणि एक, वेळेच्या बाबतीत आपण फार कडक झालोय. मुंबईची स्वतःची वेळ १९५५ पर्यंत चालू होती, भारतीय वेळेच्या ३९ मिनिटं मागे. आजोबा सांगायचे की रेल्वेचं घड्याळ एक आणि शहरातलं दुसरं, दोन्ही डोक्यात ठेवायला लागायचं.

प्रश्न : रात्री दिसत नाही. लाइट लावू का?

छोटा पिवळसर एलईडी, वरून खाली, काचेवर चमक येणार नाही असा. ठोकळ्याच्या आत लपवू नका, गरम होतो. आणि तबकडीवरचे आकडे जुने, तपकिरी झालेले आणि जाडसर रंगवलेले असतील तर ते रेडियमचे, म्हणजे किरणोत्सर्गी रंगाचे, असू शकतात. काच शाबूत आहे तोपर्यंत ठीक, पण काच फुटली तर आकड्यांच्या रंगाची पूड झाडू नका, फुंकू नका, घड्याळ बंद डबीत घालून घड्याळजींकडे द्या.

गाडी चालवताना वेळ बघायची सवय पण सरळ रस्त्यावरच. घाटात नजर घड्याळावर नको.

प्रश्न : ८ दिवसांचं घड्याळ घ्यावं का? सेलवालं?

८ दिवसांचं, म्हणजे एका चावीत आठ दिवस चालणारं, गाडीला सोयीचं, रोज चावी द्यायला लागत नाही, पण ते जाड असतं, ठोकळा जास्त खोल करावा लागेल. सेलवालं हादऱ्यांना सगळ्यात दणकट आहे, फक्त उन्हात सेल गळतो, वर्षाला बदला. एचएमटीचं चावीचं घेतलंत तर आपल्याकडे त्याचे भाग आणि ते दुरुस्त करणारी माणसं अजून मिळतात, सुरुवात करायला मी तेच सुचवतो. आजोबांचं घड्याळ पहिल्याच प्रयोगाला वापरू नका, आधी वर्षभर दुसऱ्या घड्याळावर माउंट पारखा.

प्रश्न : गाडीतून उतरताना दर वेळी काढायचं? मग पक्कं बसवून उपयोग काय?

दर वेळी काढायचं, चहाला थांबलात तरी. पक्कं म्हणजे गाडी चालू असताना पक्कं. ऊन, चोरी, ओल, तिन्हींचा बंदोबस्त ह्या एका सवयीने होतो. म्हणूनच मी स्क्रूड्रायव्हर लागेल अशी कुठलीच सोय ठेवली नाही, किल्ली फिरवून इंजिन बंद केलं की डाव्या हाताने रिंगचा स्क्रू, उजव्या हाताने घड्याळ, साखळी सोडली की शर्टाच्या खिशात. पाच सेकंद लागत असतील. तुमच्या माउंटमधून घड्याळ काढायला कटकट होत असेल तर आठ दिवसांत तुम्ही ते आतच ठेवून जायला लागाल, मी दुसऱ्या माउंटला तेच करत होतो. तेव्हा डिझाइन ठरवताना आधी घड्याळ बाहेर कसं येणार ते ठरवा, बसणार कसं ते नंतर.

प्रश्न : गाडी विकली तर?

दोन स्क्रू काढा, ठोकळा घरी आणा. तो मग टेबलावर घड्याळाचा स्टँड म्हणून चालतो, फक्त मागे थोडी पाचर लावून तिरका करायचा. लाकडाच्या मागच्या बाजूला घड्याळाची मापं आणि सफाईच्या तारखा पेन्सिलने लिहून ठेवा, पुढच्या गाडीच्या लेथवाल्याला तेच दाखवायचं.